चौथा बेस

तीन आहेत घरी. एक जपानी, पातळ मानेचा.
एक काळा, पाच तारांचा; त्याची पाचवी तार मी
भीतभीतच छेडतो, खोल विहिरीत डोकवावं तशी.
आणि एक हप्त्यांवर घेतलेला. त्याचे हप्ते
अजून वाजतायत.

तरी मार्चातल्या एका शनिवारी ताम्पेरेहून निघालो
ओरिवेसीच्या रस्त्याला. दोन्हीकडे बर्फाचे बांध,
शेजारी पेन्टी, मांडीवर छोटा अँप,
दवाखान्यात नेताना मूल धरावं तसा.
दर दहा किलोमीटरला त्याचा एकच प्रश्न:
"सिर्क्कूला काय सांगितलंस?"
नुसता बघायला चाललोय, असं सांगितलं होतं.
या वाक्याचे आमच्या तळघरात
तीन पुरावे आहेत.

ओर्वोक्कीबाई दारातच उभ्या,
पायात नवऱ्याचे लोकरी मोजे.
आधी कॉफी, मग बेस. इथली रीत.
पलंगाखालून पेटी निघाली.
रंग कधीकाळी पांढरा असावा,
आता कॉफीत बुडवून काढलेल्या पावासारखा.

एक डोळा मिटून मान पाहिली:
किंचित पुढे झुकलेली, कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखी.
खुंट्यांचे कान पिळले. त्यातली एक
दुसऱ्याच कुणाच्या घरची.
पेन्टी कुजबुजला, "शंभर तरी कमी कर."

मग पडदे पाहिले.
तिसऱ्यावर खाच, पाचव्यावर खाच,
बाकीचे जवळजवळ कोरे,
आणि बाराव्याच्या पलीकडचे
कारखान्यातून आले तसेच.
म्हणजे चाळीस उन्हाळे हा आर्मास नावाचा माणूस
तळ्याकाठच्या लाकडी नाचघरात
टँगोच्या खाली उभा राहिला:
सा, प. सा, प.
वर गेलाच नाही कधी. वर गाणाऱ्याचं राज्य.

घासाघीस करायला तोंड उघडलं होतं.
पण जे आधीच इतकं घासलंय
त्याची आणखी काय घासाघीस.

"वाजवून बघा की."
मी ठेवणीतला तुकडा काढला,
दुकानात सगळेच वाजवतात तसला, उड्या मारणारा.
बाईंनी मुकाट्यानं एक कप विसळला.
"हळू," म्हणाल्या. "आणि कमी."

मग जाड तारेवर, तिसऱ्या पडद्यावर,
एकच खर्ज.

त्या थबकल्या. हात पुसले.
काचेच्या कपाटातून निळ्या काठाची बशी किंचित उचलली
आणि खालून एक घडी काढली,
विजेच्या जुन्या बिलाची, चौपदरी, पिवळी.
"आता वाजवा."

किणकिण.

तारेवर तळवा ठेवला. थांबली.
पुन्हा सूर, पुन्हा किणकिण.
"दर बुधवारी, सरावाच्या वेळी. डोकं उठायचं माझं.
आर्मास म्हणायचा, बशी सुरात आहे, तूच जरा..."
वाक्य तिथंच राहिलं.
हिशेब जुळल्यावर हलवतात तशी मान हलवून
त्यांनी किंमत सांगितली. पन्नास युरो कमी.
मी काही बोललोच नव्हतो.

घडी पुन्हा बशीखाली गेली की नाही
ते मी पाहिलं नाही. मी पेटीचं कुलूप लावत होतो.

रात्री तळघरात चौघांची परीक्षा.
पेन्टी भिंतीकडे तोंड करून बसला, मी वाजवले.
जपान्याला त्यानं म्हातारा म्हटलं,
म्हाताऱ्याला हप्त्यांचा.
मग मी भिंतीकडे तोंड केलं. माझे चारही चुकले.
वीस वर्षं आम्ही लाकडावर, वार्निशावर भांडतोय.
कान कसले, डोळेच ऐकत होते.

वहीत लिहून ठेवलं: चौथा सर्वांत चांगला नाही.
आवाज बुजरा. वजन चार किलो सहाशे.
दिव्याजवळ नेला की पिकअप गुणगुणतो.
फक्त त्या तिसऱ्या पडद्यापाशी
बोट आपोआप जाऊन बसतं,
दुसऱ्याच्या चपलेत चुकून पाय जावा तसं.
एकच सूर लावतो, आणि कान देतो
वर स्वयंपाकघरात काही वाजतंय का.

जिन्यातून सिर्क्कूचा आवाज येतो:
"झालं का बघून?"